खंडेनवमीची थ्री-नॉट-थ्री

आमच्या घरात जमिनीला स्क्रूंनी जखडलेली एक लोखंडी तिजोरी आहे आणि तिच्यात दागिने नाहीत. दागिने माझ्या मोज्यांच्या खणात असतात. तिजोरी पाहून पाहुण्यांना वाटतं, मी फार मोठ्या घरातली आहे, आणि मी त्यांना तसं वाटू देते. आत असते माझ्या नवऱ्याची बंदूक. कुठल्याशा युद्धात कुणा अनोळखी माणसाने खांद्यावर वाहिलेली, नवऱ्याच्या आजोबांहूनही वयाने मोठी असलेली थ्री-नॉट-थ्री.

नवरा पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनियर, इकडे परदेशात पंपांच्या कंपनीत आहे. जुनं यंत्र दिसलं की त्याचा जीव त्यात अडकतो. आधी शिलाई मशीन झालं, मग एक मोटरसायकल, आणि मग ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने तो जुन्या लष्करी बंदुकांच्या क्लबात गेला. परवाना देताना इथले पोलीस बायकोलाही वेगळं बसवून विचारतात, हा माणूस कसा आहे म्हणून. मी म्हटलं, माणूस सरळ आहे, नाद वाईट आहे. तेवढ्यावर परवाना मिळाला.

मी हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात नर्स आहे. ग्राइंडरची ठिणगी, लॉनमोअरने उडवलेला खडा, खिळे मारायच्या मशीनचा खिळा, असं सगळं आमच्याकडे येतं. चांगली धडधाकट माणसं एका डोळ्यावर टॉवेल दाबून बसलेली असतात आणि प्रत्येकजण एकच सांगतो, फक्त एक क्षण. त्यामुळे शंभर वर्षांच्या लोखंडात दारूचा स्फोट करायचा आणि त्याला गाल टेकवून बसायचं, ह्यात छंद कुठे येतो ते मला आजवर समजलेलं नाही.

नवरा माझ्या भीतीला हसायचा, पण काळजी मात्र घ्यायचा, हे कबूल केलं पाहिजे. बंदूक विकत घेतल्यावर त्याने ती आधी एका जाणकार कारागिराकडून तपासून घेतली, नळीच्या मागचा भाग झिजलेला तर नाही ना म्हणून. जुन्या लाकडी खोक्यांतून मिळणारी लष्करी काडतुसं स्वस्त असली तरी तो घ्यायचा नाही. त्यांतली दारू म्हातारी झालेली असते, चाप ओढल्यावर काहीच होत नाही, माणूस बंदूक खाली घेऊन बघायला लागतो आणि तेव्हा ती उडते. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारी दांडी, तो काढून वेगळ्या कप्प्यात कुलपात ठेवायचा. आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, बोल्ट बसवण्याआधी दर वेळी नळीतून आरपार बघायचा. नळीत काही अडकलं असेल तर गोळीला पुढे वाट मिळत नाही आणि सगळा जोर लोखंडावर येतो, हे त्यानेच मला शिकवलं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात सासू-सासरे पुण्याहून आले. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने कधीच गेली आहे. उजवा शाबूत आहे, आणि तो शाबूत राहावा म्हणून आम्ही सगळेच जिवापाड जपतो. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. तरी माणूस हौशी. कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी थ्री-नॉट-थ्री झाडली होती, आणि ती हकिगत आमच्या टेबलावर आमटीइतक्या नियमाने यायची. मुलाच्या तिजोरीत तीच बंदूक आहे म्हटल्यावर पुढचं काय ते मला दिसलंच.

"एकदाच," बाबा म्हणाले. "परत हातात यायची नाही."

"बाबा, तुमचा एकच डोळा आहे," मी म्हटलं.

"नेम धरायला एकच लागतो. दुसरा मिटावाच लागतो."

यावर बाप-लेक दोघेही हसले. मी हसले नाही. परवानावाल्याने शेजारी उभं राहून लक्ष ठेवलं तर पाहुण्याला बंदूक चालवता येते, असा इथला नियम आहे, आणि नवऱ्याने तो मला वाचून दाखवला. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी मी म्हटलं, घेऊन जा, पण मी बरोबर येणार आणि डोळे उघडे ठेवून बसणार. मी येणार म्हटल्यावर आईही येणार हे ठरलं.

मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर लॅपटॉप असतो, नवऱ्याचे पाने-पक्कड असतात, माझा स्टेथोस्कोप असतो आणि सुरी असते, कारण सुरी नसेल तर आईंना चालत नाही. त्या वर्षी घरात खरंखुरं शस्त्र होतं. ते सोडून पाने-पक्कड पुजायचे, हे आईंना पटणंच शक्य नव्हतं. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून झेंडू आणला. नवऱ्याने आदल्या संध्याकाळी बंदूक नेहमीपेक्षा जास्त मन लावून साफ केली. नळीतून तेलाचा बोळा फिरवला, मग कोरडा फिरवला, आरपार पाहिलं, बाबांनाही दाखवलं. सकाळी तिजोरीतून काढून, बोल्ट न लावता, ती पाटावर आडवी ठेवली आणि तो स्वतः तिथेच उभा राहिला. आईंनी हळद-कुंकू वाहिलं, दस्त्याला झेंडूची माळ घातली, निरांजन ओवाळलं. मधेच भारतातून मामांचा फोन आला. नवरा त्याच खोलीत, खिडकीशी जाऊन, पाठमोरा बोलत राहिला. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. फोन संपल्यावर त्याने नमस्कार केला, कुंकू पुसलं, लाकडाला आणि लोखंडाला वरून तेलाचं फडकं मारलं आणि बंदूक परत तिजोरीत ठेवली.

दसरा झाल्यावरच्या शनिवारी आम्ही निघालो. पापाकुराच्या पुढे, शहर संपून डोंगरांत शिरलं की एका शेतकऱ्याच्या जमिनीवर क्लबाची रेंज आहे. एका बाजूला मेंढ्या चरत असतात, बंदुकांचा आवाज झाला तरी मान वर करत नाहीत. वारा असा होता की आईंनी साडीवर माझं जाकीट, त्यावर शाल आणि पायांत माझे गमबूट घातले होते. बाबा मात्र इस्त्रीची पँट आणि टोपी घालून, मुलाखतीला निघाल्यासारखे.

रेंजची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते पांढऱ्या मिश्यांचे एक उंच गृहस्थ होते. त्यांनी "किआ ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून बाबांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं आणि सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. त्यातला एक मी आईंना मराठीत सांगितला, इथे कुणालाही, अगदी बघायला आलेल्यालाही, काही चुकतंय असं वाटलं तर त्याने मोठ्याने "स्टॉप" म्हणायचं. कुणी रागावणार नाही.

"उगाच ओरडलं तरी?" आईंनी विचारलं.

"तरीही."

"हे बरंय बाई," आई म्हणाल्या.

आधी बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या. तो आवाज कानांवर आवाज अडवणारे जाड मफ असले तरी छातीत लागतो. मग बाबांची पाळी आली. जमिनीवर पालथं झोपणं त्यांना जमणार नव्हतं म्हणून त्यांना वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या टेबलाशी बसवलं. डोळ्यांवर प्लास्टिकचा संरक्षक चष्मा. मफ बसावेत म्हणून कानांतली यंत्रं काढावी लागली. ती त्यांनी आईंकडे दिली आणि आईंनी रुमालात गाठ मारून ठेवली. आता बाबांना काही म्हणजे काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून बाप-लेकांनी खुणा ठरवल्या. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे गोळी झाड. डोक्यावर हात म्हणजे थांब.

मी सगळं बघत होते. भीतीने माणूस बारकाईने बघतो. नवऱ्याने पिशवीतून बंदूक काढली, बाबांची खुर्ची पुढे सरकवली, त्यांची टोपी उलटी फिरवली, कोपर कुठे टेकायचं ते दाखवलं. बाबांनी टोपी परत सुलट केली. त्याने पुन्हा उलटी केली. दोघांचं काहीतरी चाललं होतं, हसत होते. मग त्याने दुसऱ्या पिशवीतून बोल्ट काढला आणि बसवला. शेजारच्या टेबलांवर आणखी दोघे-तिघे तयार होते. हुकूम झाला. बाबांनी काडतूस आत सारलं, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला, अगदी सफाईने, जणू रोजचं काम, आणि गाल दस्त्याला टेकवला.

आम्ही मागे, आखलेल्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे, घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आई बोलत होत्या. मला ऐकू येत नव्हतं, फक्त ओठ हलताना दिसत होते. आणि त्यांनी स्वतःचे मफ गळ्यात उतरवून ठेवले होते. माझी चिडचिड झाली. आता बार होईल, कानठळ्या बसतील आणि संध्याकाळी मलाच ऐकावं लागेल. मफ वर करा आणि दोन मिनिटं गप्प बसा, हे सांगायला म्हणून मी माझा एक कान उघडा केला.

"...एवढी निगा राखतो, म्हणून म्हटलं उगाच कुंकू नको जायला नळीत," आई सांगत होत्या. "तो फोनवर होता ना, तेव्हा कापूस घालून ठेवला मी."

"कुठे कापूस घातलात?"

"अगं, नळीच्या तोंडात. पूजेला."

"मग काढलात ना?"

"त्याने काढला असेल की. मी जरा आत सारला होता, उदबत्तीच्या काडीने. बाहेर लोंबत होता, वाईट दिसत होतं."

त्यांचा चेहरा अगदी शांत होता. चहात साखर घातली का, याचं उत्तर द्यावं तसा.

त्यानंतरचं सगळं किती पटकन झालं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. मला मात्र आठवतं ते फार सावकाश. त्याने काढला असेल. पण त्याला माहीतच नव्हतं. माहीत नसलं तरी आरपार पाहिलं असेल तर दिसला असेल. आरपार पाहिलं का? खुर्ची, टोपी, कोपर, पुन्हा टोपी, बोल्ट. नाही पाहिलं. आदल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने चकचकीत केलेली बंदूक, देवासमोर ठेवलेली, तिच्यात काय असणार? आणि पुढे नवऱ्याचा हात वर गेला आणि बाबांच्या उजव्या खांद्यावर हलकेच पडला.

मी उठून ओरडले. आधी तोंडातून "थांब" निघालं, मग "स्टॉप", मग नुसतं स्टॉप, स्टॉप, स्टॉप. पांढऱ्या मिश्यांनी लगेच तोच शब्द माझ्या दुप्पट आवाजात पुढे पाठवला. शेजारच्या टेबलांवरच्या माणसांनी बंदुकांवरून हात उचलले. सगळी रेंज थांबली. फक्त एक माणूस थांबला नाही, कारण त्याला ऐकू येत नव्हतं, आणि चापावर बोट त्याचंच होतं.

डोक्यावर हात ठेवायला नवऱ्याला वेळच नव्हता. त्याने खालून तळहाताने बोल्टचा दांडा वर उडवला. दांडा वर असला की ती बंदूक उडत नाही, एवढं मला माहीत होतं, पण त्या घटकेला माहीत असून काही उपयोग नव्हता. मी डोळे मिटले होते. उघडे ठेवून बसणार असं बजावून आले होते आणि ऐन वेळी मिटले. बार झाला नाही. उघडले तेव्हा बाबा रागाने मागे वळून बघत होते.

"अरे, नेम धरला होता मी," ते ओरडले. ऐकू येत नसलं की ते नेहमीच ओरडतात. "मधे कशाला हात घालतोस?"

नवऱ्याने काडतूस बाहेर काढलं, बोल्ट पूर्ण काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी रेषेपर्यंत धावत गेले आणि मराठीत सांगितलं, आईंनी नळीत कापूस घातलाय. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तो इंजिनियर आहे. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

पांढऱ्या मिश्यांनी मागच्या बाजूने नळीला डोळा लावला. मग नवऱ्याला म्हणाले, तू बघ. त्याने पाहिलं. आत काळोख होता. मागून पितळेची सळई घातली आणि दुसऱ्या टोकातून टेबलावरच्या टॉवेलवर कापसाचा एक घट्ट बोळा पडला. निरांजन लावताना आईंचे हात तुपाचे होते. ते तूप त्यात मुरून थंडीत गोठलं होतं आणि वर कुंकवाचे दोन-तीन कण होते. त्या गृहस्थांनी बोळा उचलून वास घेतला.

"बटर?" त्यांनी विचारलं. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"माझी चूक," नवरा इंग्रजीत म्हणाला. "साफ करताना राहिला."

 त्या गृहस्थांनी आवाज खाली आणून सांगितलं की आजपासून, पुढे कळवेपर्यंत, त्याला कुणा पाहुण्याला शेजारी बसवता येणार नाही. नवरा हो म्हणाला. मी तिथेच उभी होते आणि मला त्या माणसाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गदागदा हलवावंसं वाटत होतं. आईला वाचवायला खोटं बोलला, हे चांगलंच केलं. पण राग त्याच्या खोटेपणाचा नव्हताच. मला सगळे धोके समजावून सांगायचा, माझ्या भीतीला हसायचा, आणि सेकंदभर डोळा लावायचं काम त्याने केलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बापाचा डोळा गेला असता. आणि तू शेजारीच होतास, तुझाही गेला असता. मला दोघांची तोंडं धुवावी लागली असती." 

आईंना इंग्रजी येत नाही असा आमचा सगळ्यांचा समज आहे. त्या मागून आल्या, माझे गमबूट वाजवत, आणि थेट त्या गृहस्थांसमोर उभ्या राहिल्या.

"आय पुट," आई म्हणाल्या आणि बोळ्याकडे बोट केलं. "माय हँड. ही डोन्ट नो. नॉट माय सन."

त्या गृहस्थांनी टोपी काढली. सांगितल्याबद्दल आईंचे आभार मानले. मग आणखी काही बोलले आणि ते आईंना सांगण्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ते म्हणतायत, नळीत कुणी काय घातलं ह्याला महत्त्व नाही. पोर घालेल, गांधीलमाशी घरटं करेल, चिखल जाईल. ज्याच्या हातात बंदूक त्याने बघायचं. ते काम दुसऱ्या कुणाचं नाही.

आईंनी ऐकलं आणि मान हलवली. "खरंय त्यांचं," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तू बघायला हवं होतंस रे."

"हो आई."

"मला अक्कल नाही. तुला होती ना?"

"हो."

 मी त्यांचे हात माझ्या हातांत घेतले. 

ह्या सगळ्यात बाबा तसेच टेबलाशी बसून होते, कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा. "काय झालं? का थांबवलं? कुणी सांगेल का मला?" त्यांचं चालूच होतं. नवरा त्यांच्याकडे निघाला, पण आईंनी त्याला मागे सारलं. परवानगी विचारून त्या पुढे गेल्या, रुमालाची गाठ सोडली, यंत्रं बाबांच्या हातात दिली. ती कानांत बसेपर्यंत थांबल्या आणि मग खाली वाकून सगळं सांगितलं. कापूस, काडी, सगळं. स्वतःची बाजू न घेता. बाबांचं लग्नापासून त्यांना टोमणे मारण्यात आयुष्य गेलंय. त्या दिवशी त्यांच्याकडे एकही टोमणा नव्हता.

"काय झालं असतं?" त्यांनी त्या गृहस्थांना इंग्रजीत विचारलं.

ते खरं बोलले. म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित नळी पुढच्या टोकाला नुसती फुगली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं. कदाचित फुटली असती. हे लोखंड कुणाकुणाच्या हातून गेलंय, काय काय सोसून आलंय, माहीत नाही. त्यातून वायू मागे आला असता तर तो तुमच्या गालापाशीच आला असता. बाबांनी चष्मा काढला आणि उजव्या डोळ्याच्या खालचं हाड बोटाने चोळलं.

मला वाटलं, संपलं. मी खुर्च्या मिटायला लागले.

"आता मोकळी आहे ना नळी?" बाबा म्हणाले. "मग झाडतो की."

"बाबा, पुरे," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "डोळा वाचलाय. घरी चला."

"डोळा माझा आहे गं."

"तुमचाच आहे. म्हणूनच सांगतेय."

ते माझ्याशी भांडले नाहीत. आईंकडे वळले. "तू सांग," ते म्हणाले. "तू नको म्हणालीस तर गाडीत जाऊन बसतो. पुन्हा विषय काढणार नाही."

सगळे थांबले होते. भाषा न समजणारी माणसंही समजून थांबली होती. मला खात्री होती की आई नको म्हणतील. मी असते तर म्हटलंच असतं, आजही म्हणेन.  आई टेबलाशी गेल्या आणि पांढऱ्या मिश्यांना हाताने खूण केली, मला बघू दे. त्यांनी बोल्ट काढलेली बंदूक आईंच्या डोळ्याच्या उंचीला, आभाळाच्या दिशेने धरली. आईंनी चष्मा कपाळावर चढवला, नळीला डोळा लावला आणि बघत राहिल्या. बाजूला झाल्या. पुन्हा लावला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. मग बाबांना, "बसा."

ह्या वेळी बाबांच्या शेजारी ते गृहस्थ स्वतः उभे राहिले. नवरा आमच्याबरोबर मागे, रिकाम्या हातांनी. काय करावं ते न कळून त्याने माझी खुर्ची उघडून ठेवली. मी बसले नाही. बाबांनी यंत्रं पुन्हा काढून आईंच्या हातात दिली. चष्मा, मफ, टोपी उलटी. बोल्ट बसवायच्या आधी त्या गृहस्थांनी पुन्हा एकदा नळीतून पाहिलं, बाबांनाही दाखवलं. काडतूस. बाबांनी गाल टेकवला, उजवा गाल, त्या एका डोळ्याच्या अगदी खाली.

आईंनी माझं मनगट धरलं होतं. मी मनात देवाचं नाव घेत नव्हते. मी आमच्या विभागातल्या सर्जनची ड्युटी आज आहे का ते आठवत होते.

बार झाला. बंदुकीने त्यांचा खांदा मागे ढकलला आणि ते पुढे वाकले ते तसेच राहिले, डोकं दस्त्यावर, हालचाल नाही. मला फक्त टोपीची मागची बाजू दिसत होती. नवऱ्याने आणि मी एकदमच कानांवरचे मफ ओढून काढले. आई निघाल्याच होत्या, रेषेवरून पुढे, नियम वगैरे विसरून. मी त्यांची शाल धरून ठेवली.

मग बाबांनी मान वर केली. समोर टार्गेटवर गोळी लागली की नाही ते पाहिलंच नाही. त्यांनी चष्मा काढला आणि मागे वळले. डाव्या बाजूचं त्यांना दिसत नाही, म्हणून डावीकडून वळताना आम्ही आधी नजरेतच आलो नाही, ते बाजूच्या मेंढ्यांकडे बघत राहिले. मग आणखी वळले, मान पूर्ण फिरवली, आणि शोधत शोधत त्यांची नजर आईंवर येऊन थांबली. त्यांनी हात वर केला.

"मी दिसले त्यांना," आई मला म्हणाल्या. "अगं, मी दिसले त्यांना." आणि त्या तशाच ओल्या गवतावर खाली बसल्या.